पाहुणीचे पोट

मराठी भाषेने पोटाला जेवढे काम लावले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या अवयवाला लावले असेल. भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो, वाईट बातमी कानी पडली की पोटात धस्स होते. गुपित आपण पोटात ठेवतो, दुसऱ्याचा अपराध पोटात घालतो आणि लेकराला पोटाशी धरतो. मन म्हणायचे तेथे आपले पूर्वज सरळ पोट म्हणत आले. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते आहे, आणि या वाक्प्रचारांकडे अलंकार म्हणूनच पाहत होते. ते शरीरशास्त्रालाही धरून आहेत, हे मात्र मला एका कुत्रीने शिकवले.

रस्त्यावरून उचलून आणलेले आजारी किंवा जखमी कुत्रे, त्याला कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे आपल्याकडे सांभाळायचे, या प्रकाराला हल्ली 'फॉस्टर' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर हे पाहुणीचे माहेरपण. ती आपली नसते, पण आपल्या घरून जाताना तिने धडधाकट होऊन जावे, एवढी जबाबदारी आपली असते.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बकुळा आमच्याकडे अशीच पाहुणी म्हणून आली. दीडेक वर्षाची साधी गावठी कुत्री. रंग सुकलेल्या बकुळफुलांचा, म्हणून चिरंजीवांनी ठेवलेले हे नाव. एका वाहनाचा धक्का लागून तिचा पाय मोडला होता. संस्थेने तो बरा केला. त्यानंतर दोन घरांनी तिला नेले आणि दोन्ही घरांनी आठवड्याच्या आत परत आणून सोडले. तक्रार एकच : घर घाण करते. संस्थेच्या बाई मला स्पष्टच म्हणाल्या, "पाय बरा झालाय हो. पण पोट बरं होत नाही तोवर हिला कुणी ठेवून घेणार नाही. आणि इथे पिंजऱ्यांच्या गलबल्यात तिचं पोट काही बरं होत नाही." म्हणजे पोट बिघडलेले म्हणून घर नाही, आणि घर नाही म्हणून पोट बिघडलेले! या चक्रातून तिला कुणी तरी बाहेर काढायला हवे होते.

पहिल्या दिवशी बकुळा जी शिवणयंत्राखाली शिरली, ती बाहेर यायला तयार होईना. अन्नाला तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशी कुणी पाहत नाहीसे बघून ताटलीतले सगळे अधाशासारखे गिळले. तिसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत आठ वेळा, आणि त्यात आव. सातवीतला आमचा मुलगा घाबरून विचारू लागला, "आई, ही मरणार तर नाही ना?" सासूबाई काही बोलल्या नाहीत, जुनी लुगडी फाडून त्यांनी फडक्यांचा ढीग तेवढा माझ्यापुढे आणून ठेवला.

आमच्या भागातल्या प्राण्यांच्या डॉक्टरांना सासूबाई अजूनही 'गुरांचे डॉक्टर' म्हणतात. त्यांनी बकुळाला तपासले, वजन केले (ते जेमतेम ११ किलो भरले), हिरड्या पाहिल्या आणि शौचाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्यात अंकुशकृमींची अंडी होती. हे जंत आतड्याला चिकटून रक्त शोषतात. हिरड्या पांढुरक्या पडतात त्या त्यामुळे. एका औषधाने काम भागत नाही. लहान अवस्थेतले जंत मागाहून मोठे होतात, म्हणून ठराविक दिवसांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते. या जंतांच्या अळ्या मातीतून माणसाच्या अनवाणी पायांच्या कातडीतही शिरू शकतात. तेव्हा घाण ताबडतोब उचलणे, बागेत चपला घालणे आणि मुलांनी साबणाने हात धुणे या तीन गोष्टींची गय करू नये.

"जंत हे झालं एक कारण," डॉक्टर म्हणाले. "पण मॅडम, नव्या घरी आलेल्या कुत्र्याचं पोट चार वाटांनी बिघडतं. जंत, अचानक बदललेलं अन्न, रस्त्यावर तोंडात घातलेला केरकचरा, आणि चौथी भीती. पहिल्या तिन्हींवर मी इलाज सांगतो. चौथीवर इलाज तुमच्या घरात आहे."

भीतीने पोट बिघडते ही काही नुसती समजूत नव्हे. रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचे नाव घंटी आणि लाळ यांच्यामुळे सर्वतोमुखी झाले. परंतु १९०४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनासाठी, आणि ते संशोधन कुत्र्यांवरच झाले होते. अन्न पोटात जाण्यापूर्वी, नुसते दिसले तरी जठररस पाझरू लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी मांजरांच्या जठराची हालचाल त्या किरणांत पाहिली. मांजर बिथरले की जठराची हालचाल थांबे आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. पुढच्या संशोधनात असेही दिसले की, ताण आला म्हणजे जठर मंदावते, पण मोठे आतडे उलट घाई करू लागते. त्यातले पाणी शोषले जाण्यापूर्वीच सारे बाहेर पडते. भुकेली असूनही बकुळा पहिल्या दिवशी का जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिला जुलाब का झाले, या दोन्ही प्रश्नांचे बरेचसे उत्तर यात आहे.

आता पथ्याविषयी. आजारी माणसासाठी आपण जो मऊ भात करतो तोच कुत्र्यालाही चालतो. मात्र त्यात मीठ, हिंग, फोडणी काही नको. कुत्रा मांसाहारी, त्याला भात कसा पचेल, असे कुणी विचारील. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्याचे उत्तर दिले आहे. पिष्टमय अन्न पचवणारे द्रव्य तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. हजारो वर्षे माणसाच्या दारी राहून त्याने माणसाचे अन्न पचवायची विद्या कमावली आहे.

दोन वाट्या भात असेल तर एक वाटी बिनहाडाची, बिनकातडीची उकडलेली कोंबडी, असे प्रमाण डॉक्टरांनी सांगितले. आमच्या घरात कोंबडी शिजत नाही. तेव्हा त्यांनी साय काढलेल्या दुधाचे घरी केलेले पनीर सुचवले. त्याच्या जोडीला चमचाभर वाफवलेला लाल भोपळा. हे सगळे एकदम न देता दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यायचे. पाणी मात्र सदैव समोर. पहिल्या दिवशी सासूबाईंनी भात बोटांनी चेपून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, अजून शिजव. बाळंतिणीच्या पोराला घालतात तसा व्हायला हवा." त्या दिवसापासून भात त्यांनी आपल्याकडे घेतला.

दुधाविषयी शेजारीपाजारी आग्रह फार. "वाटीभर दूध आणि दोन ग्लुकोज बिस्किटे द्या, ताकद येईल!" पुष्कळशा मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, आणि बिघडलेल्या पोटाला तर ती मुळीच सोसत नाही. तीच गोष्ट तुपाची. नामदेवांच्या हातची भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. त्या कुत्र्याला ते तूप खुशाल पचले असेल. पण बकुळासारखीला भाकरी कोरडीच बरी. फार स्निग्ध अन्नाने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणे साधे नसते.

पाच दिवसांत शौच बांधून होऊ लागले. असे झाले की आपल्याला घाई होते. नेहमीचे अन्न एकदम सुरू करावेसे वाटते. तसे करू नये. दोन-तीन दिवस पथ्य तसेच चालू ठेवावे. मग तीन हिस्से पथ्याचे आणि एक हिस्सा नव्या अन्नाचा, दोन दिवसांनी निम्मे-निम्मे, पुढे एक हिस्सा पथ्याचा आणि तीन हिस्से नव्याचे, असे करीत आठ-दहा दिवसांत नव्या अन्नावर आणावे. मी एक वही घातली होती : किती वाजता काय खाल्ले, शौच किती वेळा, कसे. ह्यांनी तिला 'बकुळेची रोजनिशी' म्हणून हिणवले खरे, पण डॉक्टरांनी प्रत्येक खेपेस पहिल्यांदा ती वहीच मागितली.

चौथ्या वाटेचा, म्हणजे भीतीचा, इलाज औषधाच्या दुकानात मिळत नाही. तिच्यासाठी एक कोपरा ठरवला. शिवणयंत्राखालचाच, कारण तो तिने स्वतः निवडला होता. तेथे पोत्यावर जुनी गोधडी घातली. ती तेथे असताना तिला कुणी हात लावायचा नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही, आणि पहिले दोन आठवडे तिला पाहायला म्हणून कुणाला घरी बोलवायचे नाही. जेवणाची वेळ एक, फिरायची वाट एक, जेवण घालणारा हात एक. आपल्याला अशा दिनक्रमाचा कंटाळा येतो. ज्या जिवाला पुढच्या घटकेचाही भरवसा नव्हता त्याला मात्र त्याचाच आधार वाटतो.

घरात घाण झाली तर ओरडू नये, मारू तर मुळीच नये. कालच्या चुकीची शिक्षा आज का मिळते आहे, हे कुत्र्याला कळत नाही. या माणसाची भीती बाळगायची एवढेच कळते, आणि भीती पुन्हा पोटातच उतरते. अपराध पोटात घालणे म्हणतात ते येथे अगदी शब्दशः उपयोगी पडते. फडके घ्यावे, पुसावे आणि मुकाट्याने तिला खाली फिरवून आणावे.

कुत्री सांभाळणारे लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात : तीन दिवसांत भेदरलेपण ओसरते, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपले वाटू लागते. ठोकताळाच तो, पण बकुळाने तो बराचसा पाळला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ती आपण होऊन सासूबाईंच्या पायाशी येऊन बसली. सासूबाईंनी पाय मागे घेतला नाही.

मग सप्टेंबरात गणपती आले. अनंत चतुर्दशीच्या रात्री पुण्यात ढोल-ताशांचा काय गजर असतो ते पुणेकरांना सांगायला नको. जंत गेलेले, अन्न तेच, पाणी तेच, बाहेरचे काही खाल्लेले नाही. आणि तरी पहाटे पुन्हा आव पडली. डॉक्टरांचे चौथे कारण आमच्या डोळ्यांसमोर उभे राहिले. दोन दिवसांच्या पथ्याने पोट सावरले. पण सहा आठवड्यांवर दिवाळी होती आणि बकुळाला पाहायला येऊ म्हणणारे एक कुटुंब दिवाळीनंतर येणार होते. तिचे पोट पुन्हा गेले असते तर तिसऱ्या घरानेही पाठ फिरवली असती.

म्हणून २०२४ ची दिवाळी आम्ही तिच्या पोटाच्या धोरणाने केली. आतली खोली तिची. खिडक्या लावलेल्या, जाड पडदे ओढलेले, पंखा आणि रेडिओ मंद आवाजात चालू. संध्याकाळचे फिरणे आणि जेवण उजेडात उरकलेले, कारण फटाक्याला बिचकून पट्टा तोडून पळालेली कुत्री पुष्कळ हरवतात. डॉक्टरांना आधी विचारून ठेवलेले औषध हाताशी. आणि प्रत्येक संध्याकाळी घरातले एक माणूस तिच्याजवळ नुसते पुस्तक वाचीत बसलेले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती थरथरली, पण तिने माझ्या मांडीवर डोके टेकले आणि झोपली. सकाळी मी वहीत लिहिले, 'शौच एकदा, बांधून.' एवढ्या तीन शब्दांनी एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

फराळाविषयीही सांगायलाच हवे. चिवड्यातले बेदाणे आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. चॉकलेट विषारी आहे, आणि साखर नसलेल्या काही गोळ्यांत वापरतात ते झायलिटॉल तर फारच. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, मग ते आयब्युप्रोफेन असो की पॅरासिटामॉल, आपल्या मनाने कधीही देऊ नयेत. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्याही नाहीत.

आणि घरगुती पथ्य कोठे पुरे पडत नाही, हेही ओळखले पाहिजे. शौचात रक्त किंवा डांबरासारखा काळा रंग, वारंवार उलट्या, फुगलेले पोट, पांढऱ्या किंवा कोरड्या हिरड्या, मानेवरचे कातडे चिमटीत धरून सोडल्यावर झटकन जागेवर न येणे, दिवसभर अन्नावर वासना नसणे. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पिलू असेल तर एक तासही दवडू नये. लस न टोचलेल्या पिलाला पार्व्होची लागण झाली असल्यास उलट्या आणि रक्ताचे जुलाब त्याला दोन-तीन दिवसांत संपवू शकतात.

नोव्हेंबरच्या अखेरीस ते कुटुंब आले : नवरा, बायको आणि शाळकरी मुलगी. बकुळाचे वजन तेव्हा साडेतेरा किलो होते. ती आधी दाराशी थांबली, मग मुलीचा हात हुंगला. आमचा मुलगा आतल्या खोलीत जाऊन बसला होता. त्याला मी बोलावले नाही.

सोबत आम्ही दहा दिवस पुरेल एवढे तिचे नेहमीचे अन्न दिले, म्हणजे नव्या घरी एकदम बदल व्हायला नको. तिची गोधडी न धुता दिली, कारण तिला आपला वास तीत सापडावा. वही दिली. सासूबाईंनी त्या बाईंना मऊ भात किती शिजवायचा ते दोनदा सांगितले आणि निघताना म्हणाल्या, "पहिले तीन दिवस काही खाल्लं नाही तर घाबरू नका. पण डॉक्टरांचा नंबर जवळ ठेवा."

पंधरा दिवसांनी त्यांचे पत्र नाही, पण फोनवर निरोप आला : पोट ठीक आहे, कोपरा तिने स्वतः निवडला, पलंगाखाली. वाचकहो, यंदाच्या दिवाळीत तुमच्याही इमारतीत अशी एखादी पाहुणी कुणाकडे आलेली असेल. तिच्या पुढ्यात करंजी टाकू नका, तिच्या दारात फटाका लावू नका, आणि जिन्यात कधी घाण दिसली तर सेक्रेटरींकडे जाण्यापूर्वी एक फडके घेऊन त्या घराची घंटी वाजवा.