विश्लेषण : पक्ष्यांना दाणे घालणे त्यांच्याच जिवावर बेतते का?

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बागेत दाणापात्र टांगून पक्षी पाहण्याचा छंद लाखो घरांत आहे. मात्र या दाणापात्रांभोवती पसरणाऱ्या आजाराने ग्रीनफिंच या पक्ष्याची संख्या झपाट्याने घटली आहे.

दाण्यांची गरज का?
डिसेंबरमध्ये तिथे रात्र सुमारे १६ तासांची असते. जेमतेम ११ ग्रॅम वजनाच्या ब्लू टिटला रात्रभर अंग उबदार ठेवण्यासाठी लागणारी चरबी दिवसाच्या आठ तासांतच मिळवावी लागते. अशा वेळी सूर्यफुलाच्या बिया आणि शेंगदाणे यांचा मोठा आधार होतो.

मोजणी कशी होते?
‘आरएसपीबी’ ही पक्षीसंवर्धन संस्था १९७९ पासून जानेवारीअखेरीस बागांतील पक्ष्यांची गणना करते. नागरिक तासभर निरीक्षण करतात. तोच पक्षी पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून प्रत्येक जातीचे एका वेळी दिसलेले सर्वाधिक पक्षीच नोंदवले जातात.

धोका कोणता?
२००५ पासून ग्रीनफिंचमध्ये ट्रायकोमोनोसिस हा आजार पसरला. घसा सुजल्याने पक्ष्याला गिळता येत नाही. लाळेने माखलेला दाणा तो टाकून देतो आणि तोच दुसरा पक्षी उचलतो. २०२१ मध्ये ग्रीनफिंचचा ब्रिटनच्या लाल यादीत समावेश झाला.

उपाय काय?
दाणापात्र आठवड्यातून एकदा तरी धुऊन वाळवावे, पाणी रोज बदलावे आणि एक-दोन दिवसांत संपतील इतकेच दाणे घालावेत. पिसे फुगवून सुस्त बसलेला पक्षी दिसल्यास किमान दोन आठवडे दाणे बंद ठेवावेत. त्यामुळे पक्षी पांगतात आणि संसर्गाची साखळी तुटते.