गोळी रक्तदाबाची, दचकणं रात्रीचं

मावशीला रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यापासून ती पहाटे तीनला घामाघूम होऊन, ओरडत उठू लागली. विहिरीत पडल्याचं तेच ते स्वप्न. घरच्यांना वाटलं, मनाचे खेळ. मी आधी गोळ्यांची पट्टी पाहिली. मेटोप्रोलॉल.

पक्षाघात टाळायचा तर रक्तदाब आटोक्यात हवाच. त्यासाठीच्या औषधांतला एक गट म्हणजे बीटा ब्लॉकर; मावशीचं मेटोप्रोलॉल त्यातलंच. यातलं प्रोप्रॅनोलॉल 1960च्या दशकात घडवणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात, म्हणून रक्त आणि मेंदू यांच्यामधली चाळणी ओलांडून आत शिरतात. शिवाय, रात्र झाल्याचा सांगावा देणारं मेलाटोनिन ज्या बीटा संदेशामुळे तयार होतं, तोच संदेश ही औषधं अडवतात. झोप तुटते, आणि स्वप्नाच्या मधोमध जाग आली की स्वप्न लख्ख आठवतं. पाण्यात विरघळणारं अ‍ॅटेनोलॉल मेंदूत कमी पोचतं. बीटा ब्लॉकरच नव्हे, कोलेस्टेरॉलसाठीच्या अ‍ॅटोर्वास्टॅटिनच्या माहितीपत्रकातही भयस्वप्नांची नोंद आहे.

पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका, हे अगदी हात जोडून सांगते. बीटा ब्लॉकर अचानक थांबवलं तर नाडी आणि रक्तदाब उसळतात, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. मावशीचं औषध डॉक्टरांनी हळूहळू बदललं. स्वप्न पडलं त्या प्रत्येक तारखेला तिने कालनिर्णयवर फुली मारली होती. डॉक्टरांनी सगळ्यांत आधी त्या फुल्याच मोजल्या.