तिथीची वही

१९९१ सालच्या उन्हाळ्याच्या सुटीत, मिरजेत आमच्या आळीच्या टोकाला नव्यानेच निघालेल्या एका संगणकवर्गात तासावर पैसे भरून बसण्याची मुभा मला मिळाली आणि काळ्या पडद्यावर मी लिहिलेल्या पाच-सात ओळींच्या हुकमाबरहुकूम हिरवी अक्षरे उमटताना मी प्रथम पाहिली, तेव्हा माझे वय पंधरा वर्षांचे होते. भाषा होती बेसिक. विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही यंत्राशी व्यवहार करता यावा या हेतूने अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि टॉमस कर्ट्झ या दोन गणितज्ञांनी ती १९६४ साली सिद्ध केली होती आणि सत्तावीस वर्षांनी ती आमच्या आळीत पोहोचली होती.

आमच्या घरी आजोबा रोज सकाळी स्नान आटोपल्यावर पंचांग उघडून तिथी-वार मोठ्याने वाचीत. ही तिथी ठरते कशी, असे मी एकदा विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला म्हणजे एक तिथी सरते आणि असे तीस टप्पे झाले म्हणजे वर्तुळाचे तीनशेसाठ अंश भरून चांद्रमास पुरा होतो. मी लगेच कागद घेतला. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, त्याला तिसाने भागले की एका तिथीचा काळ, मग एखादी ठाऊक असलेली अमावास्या धरून पुढे मोजीत जायचे, एवढीच आज्ञावली. यंत्राने दिलेले उत्तर मी वहीत उतरवून घरी आणीत असे आणि पंचांगाशी ताडून पाहत असे. काही दिवशी ते जुळे, काही दिवशी तिथी संपण्याच्या वेळेत दहा-दहा तासांचा फरक निघे. मी खट्टू झालो, तेव्हा आजोबा म्हणाले, “अरे, चंद्राची चाल रोज सारखी नसते. तो कधी घाईत असतो, कधी रेंगाळतो.” एखादी तिथी वीस तासांच्या आसपास आटोपते, तर एखादी सव्वीस तासांहून अधिक चालते, आणि तिथीचा क्षय किंवा वृद्धी होते ती यामुळेच, हे मला त्या दिवशी कळले. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे पृथ्वीजवळ आला की तो वेगाने जातो, हे कारण पुढे शाळेतल्या गुरुजींनी समजावले. ती दुरुस्ती आज्ञावलीत घालायची, असे ठरवून मी वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर ‘पुढे चालू’ असे लिहिले.

ते पुढे चालू झाले नाही. का झाले नाही, हे शोधताना जे हाती लागले ते येथे मांडीत आहे. कारण ही माझ्या एकट्याची कथा नाही. विद्यार्थिदशेत रात्री जागवून यंत्राशी खेळणारा, आणि नोकरी लागल्यावर वर्षा-दोन वर्षांत ‘घरी आल्यावर कोडचे तोंडही पाहवत नाही’ असे हळू आवाजात, काहीशा अपराधी भावनेने सांगणारा मनुष्य मला पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक कचेरीत भेटला आहे.

१९९८ साली अभियांत्रिकीची पदवी घेऊन मी पुण्यात नोकरीला लागलो. त्या काळी जगभरच्या संस्थांना एका अडचणीने ग्रासले होते. स्मृतिसाठा महाग होता त्या दिवसांत आज्ञावलीकारांनी वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदविण्याचा प्रघात पाडला होता आणि २००० साल उजाडताच ‘००’ हे अंक १९०० म्हणून वाचले जाऊन व्याज, विमा, निवृत्तिवेतन यांचे हिशेब कोलमडतील अशी धास्ती होती. भारतातल्या हजारो तरुणांना परदेशी संस्थांचे हे काम मिळाले, मलाही मिळाले. योगायोग असा, की ते काम तारखांचेच होते. ज्या विषयाने मला पंधराव्या वर्षी झोपू दिले नव्हते, त्याच विषयाचे मला आता वेतन मिळणार होते. १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि २००० मात्र होते, यासारखी गंमतही त्यात होती. तरीही, परक्या एका विमासंस्थेच्या जुन्या कोबोल आज्ञावलीतली तारखांची रकानेवार यादी करायची, प्रत्येक जागा दुरुस्त करायची, तपासून तपशील नोंदवायचा आणि वरिष्ठांची मंजुरी घेऊन पुढच्या जागेकडे वळायचे, असे दीड वर्ष काढल्यावर माझी तारखांविषयीची ओढ पार सुकून गेली. पुढे घरी स्वतःचा संगणक आला. यंत्र तासाने भाड्याचे होते तेव्हा मनात कल्पना मावत नसत. यंत्र अष्टौप्रहर हाताशी आले तेव्हा एकही कल्पना फिरकेना.

याचे पहिले कारण धंद्याच्या स्वरूपातच आहे. आज्ञावली लिहिणे म्हणजे दिवसभर कोड लिहीत बसणे, असा बाहेरच्या माणसाचा समज असतो. आय.बी.एम.च्या ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालिकेच्या कार्यप्रणालीचे काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले, त्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात वेळेच्या वाटपाचा जो ठोकताळा दिला, त्यात एकतृतीयांश काळ आखणीला, अर्धा काळ तपासणीला आणि प्रत्यक्ष लेखनाला केवळ एकषष्ठांश काळ आहे. हौशी मनुष्य नेमका तो एकषष्ठांश भाग उचलतो आणि बाकीचा सोडून देतो, तर नोकरदाराच्या वाट्याला सगळाच येतो. शिवाय दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी लिहिलेले कोड वाचणे, बैठकांना हजेरी लावणे, आणि चालू यंत्रणा मध्यरात्री बंद पडली तर उठून बसणे हेही येते. ब्रुक्स यांनी या कलेची सुखे आणि दुःखे दोन्ही प्रामाणिकपणे मांडली आहेत. नवे काही घडविण्याचा, कोड्यासारखे भाग एकमेकांत बसविण्याचा आणि सतत शिकण्याचा आनंद ते सांगतात. आणि दुःखांमध्ये, काम अक्षरशः निर्दोष असावे लागते या जाचाच्या पाठोपाठ, आपले उद्दिष्ट दुसरेच कुणी ठरवितात हे दुःख ते नोंदवितात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची गाठ त्या दुसऱ्या दुःखात आहे.

मानसशास्त्रज्ञांनी या गाठीकडे निराळ्या वाटेने लक्ष वेधले. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बालवाडीतील, चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या ५१ मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितले, की चित्र काढलेत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला तेच प्रशस्तिपत्र चित्र काढून झाल्यावर अकस्मात दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी रंगीत पेने मुलांच्या खेळाच्या वेळी नुसती मांडून ठेवली, तेव्हा आधी करार केलेल्या गटाने चित्रांना इतर दोन गटांच्या निम्म्याच्या आसपास वेळ दिला. अकस्मात बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र शाबूत होती. या निष्कर्षातली सूक्ष्मता ध्यानात घेण्याजोगी आहे: बक्षिसाने हानी केली नाही, हानी केली ती आधी घातलेल्या अटीने. लहान मुलांचे प्रशस्तिपत्र आणि प्रौढाचे वेतन यांना एकाच तराजूत घालता येणार नाही, हे मला मान्य आहे; घरभाडे आणि मुलांचे शिक्षण वेतनावर चालते आणि त्याविषयी कृतज्ञता न बाळगणे हा कृतघ्नपणा होईल. पण पुढे एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी आंतरिक प्रेरणेचे जे तीन आधार सांगितले, म्हणजे स्वायत्तता, आपल्या सामर्थ्याचा प्रत्यय आणि इतरांशी जिव्हाळ्याचा संबंध, त्यांतले शेवटचे दोन मला नोकरीत भरपूर लाभले होते. हरवला होता तो पहिला.

दुसरे कारण अधिक आतले आहे. व्यवसायाची शिस्त एकदा अंगात भिनली की ती कचेरीत ठेवून घरी येता येत नाही. मी दोनदा तिथीची आज्ञावली नव्याने लिहावयास घेतली. पहिल्या खेपेस, तारखेत चुकीचे अक्षर आले तर काय, फेब्रुवारीच्या तीस तारखेची मागणी झाली तर काय, असे तपासणीचे प्रश्न मांडता मांडताच रविवार संपला. दुसऱ्या खेपेस कोणती भाषा घ्यावी, रचना कशी असावी, पुढे कुणाला वापरावीशी वाटली तर सोय असावी की नाही, याचा विचार करण्यातच आठवडा गेला आणि चंद्रापर्यंत मी पोहोचलोच नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला हे काहीच ठाऊक नव्हते. म्हणून तो पहिल्या तासातच चुकू शकला, आणि चुकला म्हणून आजोबांपाशी गेला.

त्यात अलीकडे बाजाराने भर घातली आहे. उमेदवाराने फावल्या वेळात लिहिलेले कोड मुलाखतीला येण्यापूर्वी पाहण्याची चाल पडल्यापासून तरुणांचा छंददेखील अर्जाला जोडायचा एक दाखला होऊन बसला आहे. ज्याचा दाखला द्यावा लागतो तो छंद हळूहळू दुसरी नोकरी होतो.

मग व्यवसाय आणि छंद एका घरात नांदूच शकत नाहीत काय? गिडो व्हान रॉसम या डच आज्ञावलीकाराचे उदाहरण याविरुद्ध उभे राहते, आणि ते मला फार बोधप्रद वाटते. १९८९ साली ते ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय गणित व संगणकविज्ञान संशोधन संस्थेत नोकरीला होते. ज्या ‘एबीसी’ नावाच्या भाषेवर त्यांनी पूर्वी काम केले होते ती फारशी पसरली नव्हती. नाताळच्या सुटीत कचेरी बंद, घरी संगणक हाताशी. तेव्हा वेळ घालविण्यासाठी त्यांनी एक नवी भाषा रचावयास घेतली आणि आपल्या आवडत्या ब्रिटिश विनोदी दूरदर्शनमालिकेवरून तिला ‘पायथॉन’ हे नाव दिले. आज शाळकरी मुलांपासून खगोलशास्त्रज्ञांपर्यंत लोक ती वापरतात. दिवसा जे काम करावयाचे, तेच सुटीतही. फरक इतकाच, की हे करा असे त्यांना कुणी सांगितले नव्हते. पण कथा येथे संपत नाही. छंदाची संस्था झाली, संस्थेचा कारभार आला आणि भाषेतल्या प्रत्येक बदलावर अखेरचा निकाल देण्याचे ओझे त्यांच्या शिरावर पडले. २०१८ च्या जुलैत, एका छोट्याशा नव्या चिन्हावरून झालेल्या कडवट वादानंतर, थकून त्यांनी ते पद सोडले. पुढल्या वर्षी ते नोकरीतून निवृत्त झाले. आणि २०२० साली, निवृत्तीचा कंटाळा आला असे सांगून, पुन्हा एका मोठ्या कंपनीत कामाला लागले. एकाच माणसाला एकाच वस्तूने प्रथम आनंद दिला, मग थकविले, आणि अखेर त्याच क्षेत्राकडे तो स्वेच्छेने परतला. कोड लिहिण्याची क्रिया तिन्ही वेळी तीच होती. ते लिहावे की नाही हे ठरविण्याचा हक्क मात्र कधी त्यांच्याकडे होता, कधी नव्हता.

‘हौशी’ हा शब्द आपल्या भाषेत कमीपणाचा नाही, याचे मला फार मोल वाटते. दिवसभर कचेरीत खर्डेघाशी करून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्या माणसांनी मराठी रंगभूमीचा केवढा तरी भाग उभा केला; आणि पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हौशी आकाशनिरीक्षकांच्याच बळावर चालत आली आहे. ही माणसे बहुधा आपल्या उपजीविकेहून निराळ्या गोष्टीत रमली, हे आपण विसरतो आणि मुलांना मात्र सर्रास सांगतो, की आवडीचाच व्यवसाय कर म्हणजे कष्ट जाणवणार नाहीत. हा सल्ला सर्वस्वी खोटा नाही, पण अपुरा आहे. आवड विकावयास काढताना तिचा एखादा कोपरा विक्रीबाहेर राखून ठेव, एवढे तरी आपण त्यांना सांगितले पाहिजे. आणि तो कोपराही सुकला तर त्यात तुझा अपराध नाही, हेही सांगितले पाहिजे.

गेल्या दिवाळीत माळा झाडताना ती वही सापडली. मी संगणक उघडला नाही. कोऱ्या पानावर पेन्सिलीने एका अमावास्येपासून दिवस मोजले, सरासरी चाल मांडली, आणि चंद्र पृथ्वीला सर्वांत जवळ होता त्या दिवसापासूनचे अंतर घेऊन, सुमारे सव्वासहा अंशांपर्यंत पुढेमागे होणारी ती लंबवर्तुळाची दुरुस्ती प्रथमच हिशेबात धरली. उत्तर अजून चुकलेच, पण तेरा तासांवरून पाच तासांवर आले. सूर्याची स्वतःची चालही सारखी नसते आणि सूर्याच्या ओढीने चंद्राच्या कक्षेत आणखी फेरफार होतात. त्या दुरुस्त्या अजून राहिल्या आहेत. नोकरीने माझा वेळ घेतला असे मी इतकी वर्षे समजत होतो. वेळ पुष्कळ होता. मी दिला होता तो प्रश्न निवडण्याचा अधिकार, आणि तो कुणी मागितलाही नव्हता इतक्या सहजपणे मी दिला होता. त्या पानाच्या तळाशी मी आकडे पुन्हा एकदा तपासले, आजोबांच्या पंचांगातील वेळ शेजारी लिहिली आणि त्याखाली, पूर्वीच्याच वळणाने, ‘पुढे चालू’ असे लिहून वही टेबलावर उघडीच ठेवली.