बोट पांढरे पडले तर शेकोटीवर धरू नका

हिमदंश म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सियाचीन येते. १९८४ पासून आपले जवान तिथे उणे ५० अंशांपर्यंतच्या थंडीत पहारा देत आहेत, आणि ज्यांची मुले लष्करात आहेत त्या घरांना या दुखण्याची भीती माहीत आहे. पिंपरी-चिंचवडला मात्र बर्फ पडत नाही. पुण्यात १९३५ च्या जानेवारीत पारा १.७ अंशांवर आला होता, पण तोही शून्याच्या वरच. मग आपल्या कुटुंबांनी हिमदंशाचा विचार कशाला करायचा?

करायचा, कारण आपल्याकडे हिमदंश आभाळातून येत नाही, कामातून येतो. आइस्क्रीम, मटार, मासळी ठेवतात त्या कोल्ड स्टोरेजमध्ये उणे १८ अंश थंडी असते. चाकण, भोसरीच्या वाहन उद्योगात बुश, पिन आकसवून घट्ट बसवण्यासाठी द्रव नायट्रोजन वापरतात, तो उणे १९६ अंशांचा. ड्राय आइस उणे ७८ अंशांचा. शीतयंत्रातला अमोनिया, गळक्या सिलिंडरमधून पिचकारीसारखा उडालेला द्रव गॅस, यांनीही कातडी क्षणात गोठते. वरून ते भाजल्यासारखेच दिसते, म्हणून पुष्कळांना तो हिमदंश आहे हे कळतही नाही.

ओळखायचे कसे? आधी बोटे, कान, नाकाचा शेंडा झोंबतो, मुंग्या येतात. मग दुखणे एकाएकी थांबते आणि माणसाला वाटते, बरे झाले. खरा धोका तिथेच आहे. कातडी पांढुरकी किंवा राखी, मेणासारखी, हाताला कडक लागते. सावळ्या अंगावर रंगापेक्षा हा कडकपणा आणि बधिरपणा अधिक खात्रीने कळतो. आत रक्त थिजते, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि पुढचा भाग मरू लागतो.

आमच्या वस्तीतल्या एका कंत्राटी मुलाचे असेच झाले. फाटक्या हातमोज्यांनी तो रात्रभर गोठलेले खोके उतरवत होता. सकाळी दोन बोटे बधिर. मुकादम म्हणाला, शेकोटीवर धर. मुलाला चटका कळलाच नाही. थंडीने मारलेल्या बोटांना वर आगीने भाजले, आणि महिनाभर त्याला त्या हाताने घास घेता येत नव्हता.

बोटे चोळण्याची सवयही तितकीच वाईट. नेपोलियनच्या सैन्याचा शल्यवैद्य लारे याने १८१२ च्या रशिया मोहिमेत सैनिकांची गोठलेली अंगे शेकोटीने भाजताना पाहिली आणि त्याऐवजी बर्फाने चोळा असे सांगितले. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे जगभर तेच चालले. आता डॉक्टर सांगतात, चोळू नका. गोठलेल्या मांसात बर्फाचे बारीक कण असतात, ते चोळल्याने आतून फाडतात.

करायचे ते एवढेच. माणसाला थंडीतून बाहेर काढा. अंगठी, घड्याळ, ओले मोजे उतरवा. सूज आल्यावर ते निघत नाहीत. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात तो भाग अर्धा तास बुडवा. मोजमाप नसेल तर बाळाच्या अंघोळीचे पाणी आपण कोपराने पाहतो तसे पाहा, पण दुसऱ्याच्या कोपराने, दुखावलेल्याच्या नव्हे. पाणी निवले की पुन्हा कोमट घाला. जीव येताना ठणका फार लागतो, तरी हात बाहेर काढू देऊ नका. मग बोटांच्या मधे स्वच्छ कापड घालून सैल बांधा. फोड फोडू नका. हळद, तूप, टूथपेस्ट यातले काही लावू नका. बिडी तर नकोच, तिने वाहिन्या आणखी आकसतात. अमोनिया किंवा गॅस अंगावर उडाला असेल तर आधी भरपूर साधे पाणी ओता. कातडीला चिकटलेला कपडा ओढून काढू नका.

आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. गुठळ्या विरघळवण्याची औषधे पहिल्या २४ तासांतच खरी उपयोगी पडतात. ‘उद्या बघू’ म्हणण्यात बोट जाते.

बर्फाशिवायची थंडीही मारते. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की माणूस आधी कुडकुडतो, मग कुडकुडणे थांबते, जीभ जड होते, झोक जातो. रस्त्याकडेला असा कोणी दिसला की लोक ‘प्यायलाय’ म्हणून पुढे जातात. तो प्यायलेला असला तरी धोका वाढलेलाच असतो, कारण दारूने अंग गरम वाटते, प्रत्यक्षात ऊब निघून जाते. ओले कपडे काढून कोरडी घोंगडी द्या, छाती-पाठीला ऊब द्या, दवाखान्यात न्या. तान्ह्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरावे आणि वरून दोघांना पांघरावे. रात्रपाळीच्या वॉचमन बांधवांना विनंती, बंद केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिचा विषारी वायू वासावरून कळत नाही.

आता हिशेबाचे. कामावर हिमदंश झाला तर तो कामावरचा अपघातच आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये प्रा. अदारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल दिला, त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा आला. या विम्यातला कामगार कंत्राटी असला तरी उपचार मोफत मिळतात, आणि अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बुडाले तर सरासरी मजुरीच्या ९० टक्के भरपाई मिळते. दिवसाला ५०० पडत असतील तर ४५०. बोट कापावे लागले तर कायम अपंगत्वाचा लाभ वेगळा. मात्र कंपनीच्या अपघात वहीत नोंद हवी. मुकादम ‘घरी लागले असे सांग’ म्हणेल, तसे सांगू नका. नोंदीत तारीख, वेळ, कोणत्या खोलीत काय उचलत होता आणि शेजारी कोण होते, एवढे तरी लिहून घ्या. नंतर मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयात केसपेपर काढतानाही हेच सांगा.