साहेबाचे ओटे

विजयदुर्ग म्हटले की आंग्र्यांचे आरमार, तिहेरी तटबंदी आणि वाघोटन खाडीच्या मुखाशी उभा असलेला बेलाग किल्ला डोळ्यांपुढे येतो. याच किल्ल्यात काही साधे ओटे आहेत. त्यांवर ना देव, ना तोफ. गावकरी त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात.

गेल्या मे महिन्यात देवगड तालुक्यात मामाकडे गेले होते, तेव्हा मामा मला मुद्दाम तेथे घेऊन गेला. ओट्यावर हात ठेवून म्हणाला, “बाय, सायबान हयच उभ्या रवान हेलियम शोधून काढल्यान. तुमच्या कॉलेजच्या पुस्तकात लिही ह्या.” आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. मी जे छापीन ते घरी खरेच मानले जाणार. म्हणून लिहिण्यापूर्वी ग्रंथालयात जाऊन बसले.

सर्वत्र सांगितली जाणारी हकिगत अशी: 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवरून हेलियमचा शोध लावला. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा झालेला आहे. पण लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हतेच!

ते ग्रहण पाहण्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातील गुंटूरला आले होते, तर जॉन हर्शेल जमखंडीला होते. सूर्याचा प्रकाश लोलकातून नेला की त्याचे रंग वेगळे होतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापली ठराविक रेषा दाखवते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशात एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या रेषांच्या अगदी जवळची होती. 20 ऑक्टोबर 1868 रोजी लॉकियरनी इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. पुढे मोजमाप केल्यावर ही रेषा सोडियमची नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. नव्या द्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव मिळाले. पृथ्वीवर ते सापडले 1895 साली, रॅम्से यांना, एका खनिजात.

मग ओटे खोटे काय? मुळीच नाही. लॉकियर विजयदुर्गला खरोखर आले होते, पण तीस वर्षांनी, 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरील खलाशांना त्यांनी मदतनीस म्हणून शिकवून तयार केले. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात लोलक लावलेल्या कॅमेऱ्यांनी छायाचित्रे घ्यायची. यंत्र किंचितही हलले तर सगळे श्रम वाया. अशा यंत्रांना पक्की बैठक लागते. ओट्यांचे महत्त्व ते हेच.

शोध घेताना आणखी एक गोष्ट हाती लागली. त्याच ग्रहणाला आपल्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे गेले होते. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभारलेली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांच्या देखरेखीखाली होती. 1912 साली ती बंद झाली आणि तिची 20 इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. साहेबाचे ओटे ठाऊक असलेल्या आपणा पुणेकरांपैकी कितीजणांना हे प्राध्यापक ठाऊक आहेत?

मामाला हे कसे सांगावे, याचा मला मोठा संकोच वाटत होता. एवढ्या अभिमानाने दाखवलेली जागा. ती हिरावून घेतल्यासारखे होईल. शेवटी फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला, “खरा गो! ऑगस्टात हयसर सूर्य खंय गावता बघूक?”

जे मला पुस्तके चाळून कळले, ते जन्मभर कोकणचा पाऊस पाहिलेल्या माणसाला एका क्षणात पटले. भर पावसाळ्यात आकाश न्याहाळायला कोकण किनाऱ्यावर कोण येईल? जानेवारीचे निरभ्र आकाश मात्र समजण्यासारखे आहे.

विजयदुर्गला गेलात तर ते ओटे अवश्य पाहा. तारीख तेवढी बरोबर सांगा. मामाही आता पाहुण्यांना 1898 च सांगतो.