महालक्ष्मीचे मैदान

आपल्या गावची जत्रा कुठे भरते? गावाच्या मैदानात. कुस्त्याही तिथेच. तमाशाचा तंबू, बैलबाजार, निवडणुकीची सभा, पोरांचा खेळ, सारे त्याच जागेवर. उद्या कुणी म्हणाले, "या मैदानाची आम्ही नवी योजना केली आहे," तर तुम्ही पहिला प्रश्न काय कराल? "कुणाला विचारून केली?" असाच ना? मुंबईत एका मोठ्या मैदानाबद्दल हाच प्रश्न निघाला. त्याची हकीकत आज आपण वाचू.

मुंबईला गेलेली माणसे महालक्ष्मीचे देऊळ बघतात. समुद्रातला हाजीअलीचा दर्गा बघतात. तिथून जवळच घोड्यांच्या शर्यतीचे मैदान आहे. लोक त्याला रेसकोर्स म्हणतात. आधी या शर्यती भायखळ्याला होत. १८८३ साली महालक्ष्मीचे मैदान तयार झाले. जागा २११ एकर. एका एकराचे ४० गुंठे, तेव्हा हिशेब करून बघा. झाले की नाही ८४४० गुंठे? ज्या शहरात एका खोलीत सहा-सहा माणसे संसार करतात, त्या शहराच्या मधोमध एवढी मोकळी जमीन!

थंडी सुरू झाली की इथे शर्यती लागतात. उन्हाळ्यापर्यंत चालतात. पावसाळ्यात शर्यती पुण्याला होतात. शर्यतीवर लोक पैसे लावतात, आणि त्यापायी कित्येकांची घरे बसली आहेत. पण तो विषय निराळा. मैदान काही नुसते शर्यतीचे नाही. सकाळ-संध्याकाळ माणसे तिथे फिरायला येतात. म्हातारी माणसे येतात, लेकरे येतात. मोठमोठे गाण्याचे जलसे होतात. शिवाय घोडे आले म्हणजे तबेले आले, आणि मोतद्दारही आले. त्यांची रोजी याच मैदानावर.

आता हे मैदान कुणाचे? इथे पुष्कळांची चूक होते. शर्यती भरवणारी संस्था म्हणजे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. पण जमिनीचा मालक हा क्लब नाही. काही जमीन मुंबई महापालिकेची, बाकीची राज्य सरकारची. म्हणजे तुमची-आमची. क्लबाकडे ती भाडेपट्ट्याने होती. आपण शेत खंडाने देतो, तसाच प्रकार. आपला खंड सालाचा. हा पट्टा मात्र ९९ वर्षांचा! १९१४ साली सुरू झाला आणि २०१३ साली संपला.

पट्टा संपला आणि वाद सुरू झाला. महापालिकेत तेव्हा ज्या पक्षाची सत्ता होती, तो म्हणाला, इथे सर्वांसाठी मोठी करमणुकीची बाग करू. क्लब म्हणाला, शर्यती बंद करू नका. फिरायला येणारे म्हणाले, आहे तसेच राहू द्या. दहा वर्षे गेली, निकाल लागला नाही.

मग २०२४ साली नवी योजना आली. क्लबाकडे ९१ एकर ठेवायचे, १२० एकरांवर सर्व लोकांसाठी बाग करायची. जवळच समुद्रात भराव टाकून नवा किनारी रस्ता झाला आहे. त्याचा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये खुला झाला. त्या भरावावरही सुमारे १७५ एकर जागा बागांसाठी आहे. दोन्ही जागा जमिनीखालच्या वाटेने जोडायच्या. म्हणजे सारी मिळून २९५ एकरांची बाग. राज्य सरकारने २०२४ सालीच याला मान्यता दिली.

ऐकायला किती छान! एका क्लबाच्या ताब्यातली जमीन सगळ्यांना मिळणार. गरिबाचे पोरही तिथे खेळणार. हे म्हणणे खरेच आहे. मग लोक का भांडले?

त्यांना भीती होती ती बांधकामाची. सरकार म्हणाले, इमारती होणार नाहीत. पण जमिनीखाली मोटारी ठेवण्याची, खेळांच्या सोयी करण्याची बोलणी निघाली. जमिनीखाली छत घातले की वर माती उरते हात-दोन हात. तिथे हिरवळ येईल, फुलझाडे येतील. वड-पिंपळ कसा येणार? त्याच्या मुळांना खोल माती लागते. आणि पावसाचे पाणी? मुंबई म्हणजे मुळात सात बेटे. मधल्या खाड्या बुजवून ती एक केली. त्यामुळे पुष्कळ भाग सखल आहे. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एका वेळी आली की रस्ते तुंबतात. उघडी माती ते पाणी पिते, सिमेंट पीत नाही. शेतकऱ्याला हे सांगायला नको.

आम्हाला मात्र दुसरीच गोष्ट जास्त खटकते. जानेवारी २०२४ मध्ये या योजनेवर मतदान झाले. कुणाचे? क्लबाच्या सभासदांचे. बहुतेकांनी होकार दिला. क्लबाला विचारले ते ठीकच. पण जमीन सर्वांची आणि मत सभासदांचे, हा कुठला न्याय? गावात निदान ग्रामसभा तरी असते. तिथे उठून उभे राहता येते.

शहरातही एक वाट आहे. शहराची जमीन पुढे कशी वापरायची, याचा मोठा नकाशा महापालिका करते. त्याला विकास आराखडा म्हणतात. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्याने तो आधी लोकांपुढे मांडावा लागतो. कुणीही साध्या कागदावर लिहून हरकत देऊ शकतो. २०१५ साली मुंबईचा असाच आराखडा निघाला. त्यात चुकाच चुका. रस्ते भलतीकडे, जुन्या वास्तू गायब. लोक नकाशा हातात घेऊन आपापली गल्ली शोधू लागले. हरकतींचे हजारो अर्ज आले. शेवटी त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकारने तो आराखडा नव्याने करायला लावला. दुरुस्त आराखडा २०१८ साली मंजूर झाला.

अशी नोटीस वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते. तीत हरकत देण्याची मुदतही लिहिलेली असते. मुदतीनंतर आलेला अर्ज कुणी वाचत नाही.