एकोणीस हजार भाषा, दोन मिनिटं

२०११च्या जनगणनेत अखंड आदिलाबाद जिल्ह्याची लोकसंख्या भरली २७,४१,२३९. पैनगंगेकाठी जैनद-बेल्याकडे मराठी, उटनूर-इंद्रवेल्लीकडे गोंडी, अधूनमधून कोलामी, शिवाय तेलुगू आणि उर्दू. समजा, प्रत्येकाचं नाव आणि मातृभाषा पायथॉनच्या यादीत भरली आणि भाषेनुसार गट पाडून नावं स्वल्पविरामाने जोडायची आहेत.

नवखा माणूस आधी भाषांची नावं काढतो, मग एकेका भाषेसाठी अख्खी यादी पहिल्यापासून चाळतो. जिल्ह्यापुरतं हे खपून जातं. देशावर नेऊन बघा. माणसं १,२१,०८,५४,९७७ आणि त्यांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं १९,५६९! तुलना झाल्या २३ लाख कोटींच्या वर. सेकंदाला एक कोटी धरल्या तरी सत्तावीस दिवस.

डिक्शनरी घेतली की ओळ एकदाच वाचायची. भाषा ही किल्ली, तिच्या खणात नाव टाकायचं, पुढे जायचं. त्याच वेगाने दोन मिनिटं. मेमरी पुरली तर, हे आलंच. (पायथॉनचं तयार ‘ग्रुपबाय’ फक्त लागून आलेल्या ओळी एकत्र करतं. आदिलाबादसारख्या सरमिसळ वस्तीत आधी क्रम लावला नाही, तर एकट्या मराठीचेच हजारो तुकडे पडतील.)

किल्ली मात्र यंत्र ठरवत नाही. ‘मराठी’ आणि ‘मराठि’ त्याच्या लेखी दोन भाषा. जनगणनेतली ती १९,५६९ नावं जाणकारांनी तपासून १,३६९ मातृभाषांवर आणली. १,४७४ नावं कुठेच बसली नाहीत. दहा हजार किंवा त्याहून जास्त भाषक असलेल्या भाषा उरल्या १२१.

आता जोडणी. नाव स्वल्पविरामासकट दहा अक्षरांचं धरू. प्रत्येक नाव चिकटवताना आधीची सगळी ओळ पुन्हा उतरवली जात असेल, तर सेकंदाला शंभर कोटी अक्षरांच्या वेगानेही कोलामीच्या १,२८,४५१ भाषकांना दीड मिनिटाच्या आत उरकता येतं. मराठीचे भाषक ८,३०,२६,६८०, म्हणजे कोलामीच्या ६४६ पट. उतरवणं मात्र चार लाख पटींहून जास्त. दिवस लागतील चारशेच्या आसपास. सगळी नावं गोळा करून शेवटी एकदाच ‘जॉइन’ केली, तर एक सेकंदही नाही.